बिनतुपाचे तेहेतीस

"छान झालाय," सासूबाई म्हणाल्या. "फक्त याला भोकं नाहीत."

त्यांनी मी केलेला अनारसा खिडकीसमोर धरला होता. त्यांच्या हातचा अनारसा असा धरला की त्याच्या जाळीतून खिडकीचे गज मोजता यायचे. माझ्या अनारशातून उजेडाची तिरीपही येईना. खिडकीच काय, त्यामागे अर्धं तासगाव झाकलं गेलं असतं.

"चवीला कसा आहे?" मी विचारलं.

सासूबाईंनी तो मोडायचा प्रयत्न केला. मग ओट्याच्या कडेवर हलकेच आपटला. कडेचा एक टवका निघाला, तो त्यांनी तोंडात टाकला आणि बराच वेळ परसातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघत राहिल्या.

"वेगळा आहे," शेवटी त्या म्हणाल्या, आणि दोन भांडी पाणी प्यायल्या.

जावयाला वाईट म्हणायचं नाही, हा त्यांचा अकरा वर्षांचा नियम होता. त्यात तो धोंडा महिना. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणानं कौल भाजून आणलं तरी त्याला अनारसाच म्हणायचं असतं.

ही बारा सालची गोष्ट, अधिक भाद्रपदातली. मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो आणि सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. सासुरवाडी तासगावला, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, त्यामुळे नारायणाला यायला-जायला सोयीचं होतं. चंद्राचा आणि सूर्याचा हिशेब जुळवण्यासाठी पंचांगात दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालावा लागतो, आणि त्या खगोलशास्त्रीय अडचणीचा सगळा फायदा, मला अजूनही न उमगलेल्या कारणानं, जावयाला मिळतो. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, पाटावर बसवून ओवाळायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनारसेच का, तर त्याला जाळी असते म्हणून. दान दिलेल्या अनारशाला जितकी छिद्रं, तितकी सहस्र वर्षं देणाऱ्याला वैकुंठात मुक्काम, असं पोथीत आहे म्हणे. सासूबाईंचा तिथला मुक्काम आतापर्यंत काही कोटी वर्षांवर गेला असावा.

या सगळ्यात तूप होतं, आणि अडचण तुपाचीच होती.

माझे सासरे, नाना मेहेंदळे. तासगावच्या तीन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलं, आणि कुणालाही कधी एक मार्क फुकट दिला नाही. वृषालीला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवीच्या सहामाहीत त्यांनी चौतीस मार्क दिले होते. पस्तिसाला पास. "स्वतःची मुलगी," असं ती अजूनही म्हणते. तर या नानांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत, बायपास करावी लागेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढे ढकललं. मार्चमध्ये नको, कारण दहावीची परीक्षा. नानांना निवृत्त होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. एप्रिलात नको, कारण भाच्याचे बेदाणे वाळत घातलेले. मे महिन्यात ऊन, जखम चिघळते. मग चातुर्मास लागला, आणि मग हा धोंडा.

"अधिक महिन्यात घरात नवी चप्पलसुद्धा आणत नाहीत," नाना म्हणाले, "आणि माझ्या छातीत नव्या नळ्या घालायच्या?"

"मग पुढच्या महिन्यात करू," वृषाली म्हणाली.

"पुढच्या महिन्यात गणपती. घरात देव बसलेला असताना यजमान दवाखान्यात?"

"गणपती झाल्यावर."

"पितृपक्ष. तेव्हा तर नावच काढू नकोस. तिकडची सगळी मंडळी आधीच दारात येऊन उभी असतात. आयता सापडेन."

"मग नवरात्र. मग दिवाळी."

"बघ, तुलासुद्धा कळतंय."

गेल्या खेपेला डॉक्टर एवढंच म्हणाले होते की, दिवाळीची वाट बघू नका. नानांनी ते नेहमीसारखं ऐकलं नाही. सासूबाईंनी ऐकलं. त्या दिवसापासून तुपाची बरणी कपाटात कुलपाआड गेली आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. नानांच्या भातावरसुद्धा तूप बंद. मेहेंदळ्यांच्या घरात भातावर तूप नाही, ही बातमी भाजीवालीपर्यंत गेली होती.

अशा घरात तेहेतीस अनारसे तळायचे कसे?

"यंदा बत्तासे दे, आई," वृषाली म्हणाली. "त्यांनाही भोकं असतात."

"आमच्या जावयाला बत्तासे?" नाना वर्तमानपत्राआडून म्हणाले. "लग्नाच्या वरातीतला घोडा आहे का तो?"

"नाना, तुम्ही बोलू नका. अनारसे केले की तुम्ही खाणार."

"खाणार. तीन वर्षांनी एकदा येतात. पुढच्या धोंड्याला मी असेन की नाही, तुमचाच डॉक्टर सांगतोय."

 असं काही कानावर आलं की काहीतरी शास्त्रीय बोलायचं, ही मला वर्गातली सवय.

"नाना," मी म्हणालो, "तुपाशिवायही अनारसा होऊ शकतो. शेवटी जाळी म्हणजे काय? पिठातलं पाणी एकदम तापतं, वाफ होऊन बाहेर पडतं, त्याच्या वाटा."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "होऊ शकतो?"

"तत्त्वतः."

"तत्त्वतः नको. ताटलीत दाखवा."

"नाना!" वृषाली म्हणाली.

"थांब गं. विद्याधरराव, धोंड्याच्या जेवणाला दोन ताटल्या मांडायच्या. एकीत हिचे, एकीत तुमचे बिनतुपाचे. मी दोन्हीकडचे खाणार. कुठले कुणाचे हे मला ओळखता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मिरजेला भरती होतो. धोंडा असला तरी."

"आणि ओळखलंत तर?"

"तर दिवाळीपर्यंत या घरात बायपास हा शब्द काढायचा नाही. कुणीही."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "करा हो, विद्याधरराव," त्या म्हणाल्या. "पीठ मी देते."

आता मागे वळून बघताना वाटतं की त्याच क्षणी मी "मला जमणार नाही" म्हणायला हवं होतं. पण प्राध्यापकाला ते म्हणता येत नाही, त्याची नेमणूकच त्यावर असते.

अनारशाचं पीठ ही एक तपश्चर्या आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर सुकवायचे, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ किसून घालायचा, गोळा करून आठ दिवस मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापायचा, तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं. एवढं करूनही तो कधी कधी तुपात विरघळून पसरतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. हे सगळं सासूबाईंनी मला सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि तुपाच्या पायऱ्या तेवढ्या खोडल्या.

पहिली खेप ओव्हनमध्ये केली. त्याचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. दुसऱ्या खेपेला वाटलं, गूळ तरी कशाला? तासगावात राहून बेदाण्यासारखी नैसर्गिक गोडी सोडायची? बेदाणे वाटून घातले. जे तयार झालं ते रंगानं, आकारानं आणि लवचीकपणानं शाळेतल्या खोडरबरासारखं होतं. आमच्या सांगलीच्या बिऱ्हाडात ते जमिनीवर पडलं तेव्हा परत वर आलं.

"हे आईला दाखवू नकोस," वृषाली म्हणाली.

दाखवलं. सासूबाईंनी ते चावलं, चावत राहिल्या, मध्ये एकदा भाजीवालीशी बोलून आल्या आणि परत येऊन चावू लागल्या. "पौष्टिक लागतंय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला अप्पेपात्रात थेंबभर तूप लावून केलं. छोटे छोटे टुमदार चेंडू झाले. नानांनी लांबूनच विचारलं, "गोट्या कुणाच्या?" चौथ्या खेपेला सोडा घातला. मला वाटलं, वायू होईल, बुडबुडे येतील, बुडबुड्यांची जाळी होईल. वायू झाला, पण सगळा एकत्र राहिला. प्रत्येक अनारशाला एकच भोक पडलं, मधोमध, आणि तेही आतून. वरून तो बेडकासारखा फुगलेला.

धोंड्याच्या जेवणाचा रविवार पाच दिवसांवर आला. नानांनी आरामखुर्चीतून माझ्याकडे बघून हसायला सुरुवात केली होती. आणि गेल्या आठवड्यात दोनदा ते देवघरापासून अंगणापर्यंत जाताना मध्येच भिंतीला हात लावून थांबले होते. पहिल्यांदा म्हणाले, चप्पल शोधतोय. दुसऱ्यांदा चप्पल पायातच होती.

चव एक वेळ जमेल, जाळीचं काय करायचं? त्या दिवशी वृषालीच्या विणकामाच्या पिशवीत मला बारा नंबरची सुई दिसली.

करायच्या आधी मी वैशंपायन गुरुजींना फोन केला. फसवणूक करायची तर निदान शास्त्रोक्त असावी.

"गुरुजी, अधिक महिन्याच्या वाणातल्या अनारशांना सुईनं भोकं पाडली तर चालतात का?"

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "कोण बोलतंय?"

"तासगावच्या मेहेंदळ्यांचा जावई."

"म्हणजे वाण घेणारे तुम्हीच."

"हो."

"घेणाऱ्यानं आधी घरी बसून भोकं पाडायची, ते नेऊन देणाऱ्याकडे द्यायचं, आणि देणाऱ्यानं ते परत घेणाऱ्याला दान करायचं?"

"तसंच काहीसं."

"पोथीत छिद्र म्हटलंय," गुरुजी म्हणाले. "कुणी पाडायचं ते लिहिलेलं नाही. पण तुपात तळत का नाही?"

मी नानांचं सगळं सांगितलं. गुरुजी नानांचे विद्यार्थी निघाले.

"मग पाडा," ते म्हणाले. "आरपार पाडा मात्र. मास्तर अर्धवट कामाला मार्क देत नाहीत."

शनिवारी मी चाळीस अनारसे भाजले. निम्मे भाजून झाल्यावर ओव्हनमधून बाहेर काढायचे, गरम असतानाच सुईनं टोचायचे, परत आत घालायचे. एकेका अनारशाला चाळीस छिद्रं, पाच ओळी, ओळीत आठ. वाणात जायचे होते तेवढ्यांचा हिशेब केला. तेहेतीस गुणिले चाळीस, तेराशे वीस. म्हणजे सासूबाईंसाठी तेरा लाख वीस हजार वर्षांची सोय मी एका दुपारी स्टुलावर बसून केली. उजव्या हाताच्या अंगठ्याला फोड आला.

रविवारी दहाच्या सुमाराला तासगावला पोचलो. सासूबाईंनी डबा उघडून आत बघितलं.

"छान दिसतायत," त्या म्हणाल्या. "किती एकसारखे."

"तुमचे तळून झाले?"

"आठ तळले. ताटलीपुरते. वाणात तुमचेच देऊ, म्हणजे उरलेसुरले घरात नकोत."

ताटल्या लावायचं काम वृषालीनं आईवर सोपवलं. कुठल्या ताटलीत काय ते एकट्या आईला माहीत असणार, मला नाही, तिला नाही, म्हणजे नानांना आमच्या तोंडांवरून अंदाज घ्यायला नको.

"आई, गल्लत होऊ देऊ नका," मी म्हणालो.

"नाही होणार," सासूबाई म्हणाल्या.

मग मला पाटावर बसवलं. कुंकू, अक्षता, ओवाळणं. वाणाचं ताट जरीच्या रुमालानं झाकलेलं, वर दिवा. पानात वरणभात, उकडलेले धोंडे. नारायणाला पाटावरून उठता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं मी आठ-दहा फुटांवरून बघितलं.

नाना समोरच्या पाटावर. त्यांच्यापुढे दोन ताटल्या आल्या, एकीत चार, दुसरीत चार. मला पहिल्यांदा जाणवलं ते म्हणजे माझे अनारसे किती सुधारले होते. डाव्या ताटलीतले माझे की उजव्या, मला स्वतःलाच सांगता येईना. सकाळी डब्यात ते जरा फिकट वाटले होते, पण त्या खिडकीतल्या उजेडात त्यांना विलक्षण तेज आलं होतं. मी मनात म्हटलं, मुरले.

नानांनी उजवीकडचा एक उचलला. खाल्ला. डोळे मिटले. डोळे उघडले. डावीकडचा उचलला. खाल्ला. मिशीत खसखशीचे दोन दाणे.

"खात्री करायला अजून एकेक घेतो," ते म्हणाले.

"नाना," वृषाली म्हणाली.

"परीक्षा आहे ना? पेपर दोनदा तपासावा लागतो."

घेतले. सावकाश खाल्ले. मग त्यांनी मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं सासूबाई उभ्या होत्या. मला पाटावरून त्यांचा फक्त हात दिसत होता, चौकटीवर ठेवलेला. नाना तिकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता बायपास हा शब्द दिवाळीपर्यंत गेला.

"ओळखता येत नाही," नाना म्हणाले.

"काय?" वृषाली म्हणाली.

"ओळखता येत नाही. दोन्हीत फरक नाही. उद्या किती वाजता निघायचं?"

वृषाली रडायला लागली, मग हसायला लागली, मग तिनं मला चारचौघांत मिठी मारली, नारायण असूनही. सासूबाईंनी पटकन येऊन दोन्ही ताटल्या उचलल्या. "उष्टं झालं हो, नका हात लावू," त्या मला म्हणाल्या. मी हात धुतले आणि बाहेर ओसरीवर जाऊन जरा एकटाच येरझाऱ्या घातल्या. शोध लावलेल्या माणसाला एकांत लागतो.

त्या दुपारीच वृषालीनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले. 'विद्याधररावांचे बिनतुपाचे अनारसे' आमच्याकडे आजही प्रसिद्ध आहेत. दिवाळीच्या आधी कृती विचारायला फोन येतात. मी सांगतो. एकदा करून बघितल्यावर त्या माणसाचा परत फोन येत नाही.

संध्याकाळी सांगलीला परतल्यावर शेजारच्या घाटगेवहिनी दारात वाट बघत होत्या. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. "एक तरी दाखवा तुमचा अनारसा," त्या म्हणाल्या.

मी जरीचा रुमाल बाजूला केला.

पाच ओळी. ओळीत आठ.

सगळेच्या सगळे तेहेतीस तसेच, फिकट, एकसारखे, टोचलेले. ते बघताच माझ्या लक्षात आलं की दुपारी नानांपुढच्या ताटल्यांत भोकांच्या ओळी मला कुठेच दिसल्या नव्हत्या. ना डावीकडे, ना उजवीकडे. आठही अनारशांना वेडीवाकडी जाळी होती, कुठे दाट, कुठे विरळ.

"काय झालं?" घाटगेवहिनी म्हणाल्या.

"दोन दिवस मुरू द्यावे लागतात," मी म्हणालो, आणि रुमाल परत घातला.

चाळिसातले बाकीचे सात कुठे गेले, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

सोमवारी नाना भरती झाले, गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. गुरुवारी मी अनारशांचा डबा पिशवीत घालून मिरजेला नेला. वाण टाकून देता येत नाही, आणि वाटावं तर माणसं ओळखीची. म्हटलं, ज्यांनी दिलं त्यांनाच विचारू.

सासूबाई कागदांवर सह्या करायला गेल्या होत्या, वृषाली औषधाच्या दुकानात. नाना हिरवा झगा घालून पलंगावर बसले होते. मिशी काढली होती. त्यांना मी पहिल्यांदाच बिनमिशीचे बघत होतो, आणि ते एकदम कुणाचे तरी धाकटे भाऊ वाटत होते.

"विद्याधरराव, दार लावा," ते म्हणाले. मी लावलं. "दोन्ही ताटल्यांत हिचेच होते."

मी हातातली पिशवी मागे घेतली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"संध्याकाळी कळलं. तुम्हाला?"

"पहिल्या घासाला. चव्वेचाळीस वर्षं खातोय मी तिच्या हातचं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? प्रश्न काय होता? दोन ताटल्यांतला फरक ओळखा. फरक नव्हता. तेच मी सांगितलं." त्यांनी वर्गात बघायचे तसं माझ्याकडे बघितलं. "उत्तर बरोबर आहे."

"बरोबर आहे."

"इतके दिवस बोटभर तूप नाही दिलं हो तिनं मला. भांडलो, रुसलो, एकदा तर जेवलो नाही. किल्ली काही सोडली नाही. आणि त्या दिवशी तीच बाई अनारसे तळून माझ्यापुढे ठेवते, आणि चौकट धरून उभी राहते." नानांनी मिशीवरून हात फिरवला, मिशी नव्हती. "मग म्हटलं, जाऊ मिरजेला."

बाहेर ढकलगाडीचा आवाज आला.

"तिला सांगू नका मला कळलं ते," नाना म्हणाले. "तिला वाटू दे, आपण फसवलं. आणि काय हो, तुमचे कुठे गेले मग?"

"माझ्याच घरी. वाणात."

"सगळे?"

"तेहेतीस."

नाना इतके हसले की नर्स आत आली आणि म्हणाली, आजोबा, बीपी वाढेल. त्यांना नेलं तेव्हाही ते हसतच होते. गाडी ढकलणारा माणूस माझ्याकडे संशयानं बघत होता.

मी सासूबाईंना सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि त्यानंतर नाना होते त्या नऊ वर्षांतही नाही.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. सासूबाई त्याच्या टोकाला बसल्या होत्या, पदर घट्ट धरून. सकाळपासून त्यांनी चहाही घेतला नव्हता. वृषाली रक्ताच्या बाटल्यांचं बघायला गेली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"यांना शंका नाही ना आली?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"कसली?"

"उगाच कसली काय विचारता? तुम्ही रुमाल काढला असेलच."

"काढला. नाही आली शंका."

"बरं झालं. कळलं असतं तर त्या पाटावरून उठून सरळ आरामखुर्चीत गेले असते. दिवाळीपर्यंत." त्यांनी श्वास सोडला. "चार खाल्ले हो यांनी. मी म्हटलं, दोनच खातील. रात्रभर यांच्या छातीकडे बघत बसले."



"आई, पण वाण?" मी म्हणालो. "ती सगळी भोकं सुईची आहेत."

"दिसतायत की. पाढे लिहिल्यासारखी आहेत."

"मग तुमचं ते, वैकुंठाचं?"

"गुरुजींना विचारलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचे जावईही हेच विचारत होते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी म्हटलं, तिकडचं थोडं कमी झालं तरी चालेल. आधी इथलं बघू."

अडीच वाजता डॉक्टर बाहेर आले. झालं, म्हणाले, चांगलं झालं. सासूबाईंनी त्यांना तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा तेच सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडून. मग सासूबाई परत बाकावर बसल्या.

"भूक लागली," त्या म्हणाल्या.

मी उठलो. कँटीनवाल्यानं शटर अर्धं ओढलेलं होतं. चार वाजता, म्हणाला. मी परत आलो.

"त्या पिशवीत काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"वाण."

"द्या."

"आई, थांबा, मी खाली जाऊन केळी आणतो."

"द्या म्हटलं ना."

मी डबा उघडला. त्यांनी एक अनारसा घेतला, बाकाच्या लोखंडी दांड्यावर आपटला, एक तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागल्या. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी तो सबंध अनारसा संपवला. याला बराच वेळ लागला.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"विद्याधर," त्या म्हणाल्या, "फार वाईट झालाय रे."

आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.